दोन पाळ्यांची भाऊबीज

वासंतीच्या घरी भाऊबीज दोन पाळ्यांत व्हायची. दुपारची पाळी थोरल्या गुरुनाथची, संध्याकाळची धाकट्या शिरीषची, आणि मधल्या वेळात आधीच्या पाळीची एकूण एक खूण पुसायची. म्हणजे पाट उचलायचा, रांगोळी पुसून नवी काढायची, उष्टी ताटं डिशवॉशरमध्ये कोंबायची आणि दादाने आणलेला मिठाईचा डबा कपाटात मागे ढकलायचा. का, तर तो शिरीषच्या नजरेला पडला की त्याचा घास घशात अडकतो. संध्याकाळचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचे नाहीत, कारण मग दादाच्या पोटात दुखतं. "आता गिरणीचा भोंगा तेवढा बसवून घे," असं तिचा नवरा बाळ दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी तिची बोलणी खायचा.

तिघं भावंडं सोलापूरची. आता तिघंही न्यूझीलंडमध्ये, एकाच शहरात. दादा पापाटोएटोला राहतो, शिरीष बॉटनी डाउन्सला आणि वासंती फ्लॅट बुशला. गाडीने कुठूनही कुठे जायला अर्धा तास लागत नाही. सोलापुरात एवढ्या अंतरावरचा भाऊ रोज चहाला येऊन बसला असता. इथे मात्र दोघं सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि मधली बहीण दोघांच्या तोंडाकडे बघत बसली होती.

भांडण जमिनीचं नाही, दागिन्यांचं नाही. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, एखाद्या वकिलाने तरी मिटवलं असतं. भांडण बाबांच्या शेवटच्या आजारपणाचं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा सोलापुरात दवाखान्यात होते आणि न्यूझीलंडचं दार बंद होतं. बाहेर गेलेला माणूस परत कधी आत येईल, याचा देवालाही भरवसा नव्हता. शिरीष तेव्हा साध्या वर्क व्हिसावर, त्याची बायको सुनीती दिवस भरत आलेली. डॉक्टरांचा फोन रोज यायचा तो दादाला. आणि दादा दोन्ही भावंडांना रोज एकच सांगायचा, "साधा ताप आहे. उतरेल."

ताप उतरला नाही. बाबा गेले. दादा धाकट्यांना फोन करायचा धीर गोळा करत बसला आणि तेवढ्यात बार्शीच्या चुलतभावाने ग्रुपवर बाबांचा फोटो टाकून दिला. फोटोला हार, दोन्ही बाजूंना समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शिरीष सुपरमार्केटच्या रांगेत दुधाचा कॅन हातात धरून उभा होता. तिथे त्याला कळलं की आपल्याला वडील राहिले नाहीत.

वासंतीलाही तसंच कळलं. ती दादावर फोनवर इतकी ओरडली की शेजारची गोरी बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पण तिचा राग दुधाचा, उतू गेला की संपला. शिरीषचा तसा नाही. तो एवढंच म्हणाला, "मला सांगायचं की नाही हे ठरवणारा तू कोण?" आणि दादा म्हणाला, "मी थोरला आहे." झालं. 'चुकलं रे' एवढे दोन शब्द पुरले असते. पण थोरलेपण एकदा माणसाच्या अंगात शिरलं की जीभ जड होते.

मग ही पाळ्यांची भाऊबीज सुरू झाली. वासंतीने कुरकुर केली, पण निभावली. दादाला शुगर निघाली, हे शिरीषला तिच्याकडून कळलं. शिरीषच्या मुलीचा पुढचा दात पडला, हे दादाला तिच्याकडून. टपालाचं काम ती बिनपगारी करत होती.

आणि आता बाळला ब्रिस्बेनला नोकरी लागली होती. डिसेंबरात मुक्काम हलणार. सगळे म्हणाले, वा, छान, ऊन आहे तिकडे. वासंतीला मात्र एकच विचार खाऊ लागला, आपण गेलो की या दोघांच्या मधे कोण? दोघंही सुखाने म्हातारे होतील आणि एक दिवस पुन्हा कुणीतरी ग्रुपवर हार घातलेला फोटो टाकेल.

"मॉम, जस्ट टेल देम टु ग्रो अप," असं तिची ओवी म्हणाली. पोरगी इथे जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. वासंती म्हणाली, "तू मोठी हो आधी. तुझे पोहायचे टॉग्ज अजून बाथरूममध्ये ओले पडलेत, ते उचल."

पण यंदा भाऊबीज एकाच पाळीत करायची, असं तिने मनाशी पक्कं केलं. दोघांना सरळ बोलावलं असतं तर दोघांनाही त्या दिवशी काम निघालं असतं. म्हणून युक्ती हवी होती, आणि ती तिला पापाटोएटोच्या किराणा दुकानात सापडली. ती कढीपत्ता घ्यायला गेली होती. कुकरच्या खोक्यांवर एक पोस्टर चिकटवलेलं. दोन मिशाळ हीरो, एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याच्या हातात हे एवढं मोठं पंगतीचं ओगराळं. तेलुगू मंडळाचा दिवाळीचा खास खेळ, रविवारी दुपारी, जवळच्याच एका हॉलमध्ये.

आता, सोलापूरच्या पूर्व भागात अर्धी वस्ती तेलुगू. दादाचे सगळे मित्र तिकडचे, आणि त्यांच्या नादाने तेलुगू सिनेमाचं वेड. रविवारी सकाळच्या खेळाला तो दोन्ही धाकट्यांना घेऊन जायचा आणि कानात मराठीत गोष्ट सांगत राहायचा. तेलुगू त्याला चांगलं यायचं, पण आहे तेवढा सिनेमा त्याला पुरायचा नाही. एकदा त्याने शिऱ्याला सांगितलं, हा हीरो मेलेला आहे आणि हे त्याचं भूत फिरतंय. शिऱ्या अख्खा सिनेमा डोळ्यांवर हात ठेवून बसला. पुढे दादाच्या मित्राच्या आईकडून कळलं की तो हीरो बिचारा नुसता बेकार होता. वासंती मैत्रिणींच्या घरी खेळून थोडंफार तेलुगू शिकली. शिरीषला मात्र भाताला काय म्हणतात तेही आलं नाही. कारण शिकायची गरजच नव्हती, दादा होता ना.

वासंतीने तिकिटं काढली. भाऊबीज तिथीने गुरुवारी होती, पण परदेशात सण रविवारी सरकतात, याची आता देवांनाही सवय झाली आहे. दादाला म्हणाली, "माझी इथली शेवटची भाऊबीज. सिनेमाला चल, मग घरी ओवाळते. न्यायला मात्र तू ये." शिरीषलाही तेच सांगितलं, फक्त त्याला म्हणाली, "तू थेट हॉलवर ये." सिनेमात काय आहे, हे तिने वाचलंच नाही. मारामारी आहे, विनोद आहे, दादा खूश होईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

हॉल म्हणजे एरवी झुंबा आणि टेबल टेनिस चालणारी जागा. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, मागे टेबलावर मिरची भजी आणि चहाचा पिंप. मंडळाचा सेक्रेटरी माइकवर येऊन आधी इथल्या माओरी रीतीने "किया ओरा" म्हणाला, मग तेलुगूत बरंच काही, आणि शेवटी इंग्रजीत म्हणाला की या प्रतीवर सबटायटल नाहीत, पण आपण सगळे आपलेच आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादाला तिने आतल्या खुर्चीवर बसवलं, मधली स्वतः घेतली, पलीकडची पर्स ठेवून अडवली. "ही कोणासाठी?" दादाने विचारलं. "पर्ससाठी," ती म्हणाली.

शिरीष आला. ओळीच्या तोंडाशी आला आणि दादाला बघून जागीच थांबला. दादानेही पाहिलं. त्याने मान वळवली आणि टेबल टेनिसचे नियम लिहिलेला कागद वाचू लागला. शिरीष वळणार, तेवढ्यात वासंतीने त्याची बाही धरली.

"ताई, सोड. हे काय केलंस तू?"

"जे केलं ते केलं. जायचं तर जा. पण मग संध्याकाळी येऊ नकोस. मी यंदा दोनदा पाट मांडणार नाही, सांगून ठेवते. माझी कंबर दुखते."

कंबर तिची ठणठणीत होती. पण तिचा आवाज असा काही फाटला की शिरीष गप्पकन बसला. पाठीमागच्या बाईने आपलं पोर उचलून मांडीवर घेतलं आणि दिवे गेले. इकडे आड, तिकडे विहीर, मधे वासंती.

सिनेमा सुरू झाला. गावची जत्रा, पाळणे, फुगे, दोन लहान भाऊ. एका मालाच्या ट्रकमध्ये धाकटा खेळता खेळता झोपला, ट्रक सुटला, थोरला अनवाणी मागे धावतोय, "तम्मुडू! तम्मुडू!" म्हणून धाकट्या भावाला हाका मारतोय. वासंतीने कपाळाला हात लावला. अगं बाई! ताटातूट झालेल्या भावांचा सिनेमा! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता दोघांनाही वाटणार, हिने आपल्याला शहाणपण शिकवायला आणलंय. तिने डावीकडे पाहिलं, दादा ताठ. उजवीकडे पाहिलं, शिरीष ताठ. तिला वाटलं, आपणही त्या ट्रकमध्ये बसून निघून जावं.

पण देवदयेने सिनेमा फार रडका नव्हता. भाऊ मोठे झाले. थोरला झाला मंगल कार्यालयातला आचारी, धाकटा झाला एका गुंडाचा ड्रायव्हर, आणि हाणामाऱ्या सुरू झाल्या. आचाऱ्याने ओगराळ्याने आठ-दहा जण लोळवले. हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. सगळे हसत होते. एकटा शिरीष दगडासारखा बसून होता. त्याला काय कळणार, कपाळ!

दादाची चुळबुळ सुरू झाली. माणसाचं रक्त कुठे जातंय! समोर तेलुगू सिनेमा चाललाय, शेजारी न कळणारा धाकटा भाऊ बसलाय, आणि आपण गप्प? थोड्या वेळाने तो वासंतीकडे झुकून म्हणाला, "हा आचारी म्हणतोय, माझ्या रश्श्यात माशी पडली तर चालेल, पण माझ्या मंडपात गुंड पडलेला चालणार नाही."

"मला कळतं तेलुगू," वासंती म्हणाली.

"माहीत आहे," दादा म्हणाला आणि आवाज थोडा वाढवून पुढचं सांगू लागला. लेकी बोले, सुने लागे.

शिरीषची मान हलली नाही, पण कान हलला असावा. थोड्या वेळाने तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "ताई, त्याला विचार, तो चष्मेवाला कोण?"

"दादा, चष्मेवाला कोण?"

"त्याला सांग, तो गुंडाचा ज्योतिषी. मुहूर्त काढल्याशिवाय गुंड कुणाला मारत नाही."

"शिरीष, तो ज्योतिषी."

"ऐकलं मी," शिरीष म्हणाला. "त्याला विचार, मग आज मुहूर्त आहे का?"

वासंतीची पार टेलिफोन एक्स्चेंज झाली. दोघं तिच्या मांडीवरून वाकून बोलत होते, पण एकमेकांशी नाही, तिच्याशी. दादाचं कोपर तिच्या बरगडीत आणि शिरीषची भजी तिच्या पदरावर. मधेच पुढच्या रांगेतली एक बाई वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "अण्णा, तो तसं नाही बोलला. मी निजामाबादची आहे, मराठी कळते मला." दादा म्हणाला, "ताई, मी भावार्थ सांगतोय." ती बाई हसली आणि पुढे वळली.

मध्यंतराच्या जरा आधी दोन्ही भाऊ धावत्या ट्रकच्या टपावर एकमेकांची गचांडी धरून उभे, कोण कुणाचा कोण हे ठाऊक नाही, आणि पडदा तिथेच थांबला. दिवे लागले. दिवे लागल्याबरोबर आपले हे दोघेही पुन्हा ताठ. वासंती चिडली. म्हणाली, "बसा असेच. मी चहा आणते." चहाच्या रांगेत उभं राहून तिने ठरवलं, परत जाऊन दोघांना सुनवायचं, अरे घोड्यांनो, अंधारात बोलता आणि उजेडात लाजता?

चहाचे पेले सांभाळत ती परत आली तेव्हा दुसरा भाग सुरू झाला होता. आणि तिची खुर्ची भरलेली होती. दादा सरकून मधे बसला होता. "इथून नीट दिसतं," तो म्हणाला. वासंतीने दोन पेले पुढे केले आणि ती गुपचूप दादाच्या आतल्या खुर्चीत टेकली.

आता टेलिफोन एक्स्चेंज बंद झाली. "हा बघ, हा आता गुंडाला सांगतोय की गाडीचा ब्रेक फेल आहे." "आणि खरंच आहे?" "छे, थापा मारतोय." असं सरळ, तोंडाला तोंड. पुढे एका लग्नाच्या पंगतीत हाणामारी चालली असताना दोघंही ताटातला कढीपत्ता वेचून खातात, यावरून भावांची ओळख पटते. आता कढीपत्ता खाणारे आंध्रात काय दोघंच आहेत? पण हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या की विचारू नका, आणि वासंतीनेही वाजवल्या.

मग भावांचं बोलणं सुरू झालं. म्हणजे थोरल्याला गुंडांनी भाताच्या गिरणीत खांबाला बांधलंय, धाकटा त्याच्या दोऱ्या सोडवतोय, गाठ सुटत नाही, आणि दोघं भांडतायत. थोरला म्हणतोय, कोयता कशाला विसरलास? धाकटा म्हणतोय, तुझं ओगराळं कुठंय? वासंतीला सगळं कळत होतं. लोक हसत होते.

आणि दादा सांगत होता, "थोरला म्हणतोय, मी तुला मुद्दाम सोडलं नाही."

शिरीष पडद्याकडे बघत होता. "मग?"

"म्हणतोय, तू आला असतास. सगळं टाकून आला असतास. पोटुशी बायको टाकून."

वासंतीने मान वळवून दादाकडे पाहिलं. पडद्यावर कुणाच्याही पोटुशा बायकोचा विषय नव्हता. पडद्यावर धाकटा दातांनी दोरी कुरतडत होता.

"मग?" शिरीष म्हणाला.

"म्हणतोय, मी ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्याने ठरवलं होतं. ऑक्सिजनचा मास्क काढून फोनवर बोलला तो. म्हणाला, धाकट्याला कळवू नकोस, तो येईल आणि तिकडचं दार लागेल. वासीलाही सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. आणि मी सांगितलं होतं म्हणूनही सांगू नकोस. पोर माझ्यावर चिडलेलं राहील. शपथ घातली त्याने."

पुढची निजामाबादची बाई अर्धी वळली. तिने दादाचं तोंड पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा पडद्याकडे वळली.

इतकी वर्षं! इतकी वर्षं हा माणूस शिव्या खात बसला, 'मी थोरला आहे' एवढं एक वाक्य धरून, आणि बाबांचं नाव म्हणून घेतलं नाही. वासंतीला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. बाबांचाही राग आला. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणे!

पडद्यावर गाठ सुटली, गुंड आले, तांदळाची पोती फुटली. मग धाकट्या हीरोने थोरल्याकडे वळून तोंड उघडलं. दादा सांगायला लागला, "आता धाकटा म्हणतोय—"

"थांब," शिरीष म्हणाला. "धाकट्याचं मी सांगतो."

"तुला कुठे येतं तेलुगू?"

"आत्ता तू जे सांगत होतास, तेवढं येतं." त्याने नाक ओढलं. "धाकटा म्हणतोय, मला बाबा ठाऊक नाहीत का? मला तेव्हाच वाटलं होतं, हे त्यांचंच काम असणार. घरातली लपवाछपवी दर खेपेला त्यांचीच असायची. पण गेलेल्या माणसावर चिडता येत नाही रे, दादा. तू जिवंत होतास. तू हाताशी होतास. म्हणून तुझ्यावर चिडलो."

दादाने चहाचा पेला खाली ठेवला. "एवढी वर्षं?" तो म्हणाला.

"तू एकदा तरी म्हणायचं होतंस, चुकलं म्हणून."

"चुकलं," दादा म्हणाला. "शपथ गेली खड्ड्यात. तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

पडद्यावर तांदळाची गिरणी कोसळली आणि हॉल शिट्ट्यांनी दणाणला. दादा रडत होता. अगदी मोठ्याने, लाज सोडून, आणि त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. शिरीषने त्याच्या खांद्यावर हात टाकला. वासंती स्वतःच्या पदराने स्वतःचं नाक पुसत होती. तिच्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

सिनेमा संपला. शेवटी गाणं होतं, त्यात दोन्ही भाऊ, दोन्ही नायिका आणि तो ज्योतिषीसुद्धा नाचला. लोक खुर्च्यांच्या घड्या घालू लागले. वासंती म्हणाली, "मी तोंड धुऊन येते, थांबा." दोघांनी हूं केलं. बायकांच्या रांगेत निजामाबादची बाई होती. ती म्हणाली, "तुमचे अण्णा फार चांगला सिनेमा सांगतात. आमचा एवढा चांगला नव्हता." वासंतीला हसूही आलं आणि पुन्हा डोळेही भरून आले. बोलण्यात थोडा वेळ गेला.

बाहेर आली तर हॉलमध्ये कोणी नाही. खुर्च्या भिंतीला लागल्या होत्या आणि सेक्रेटरी केर काढत होता. ती पार्किंगमध्ये गेली. बारीक पाऊस भुरभुरत होता. दादाची गाडी जागच्या जागी उभी होती. शिरीषची नव्हती.

तिने दादाला फोन लावला, उचलला नाही. शिरीषला लावला, एंगेज. पुन्हा दादाला, पुन्हा काही नाही. तिचं डोकं सणकलं. हे काय चाललंय? पुन्हा भांडले की काय? एक गेला रागाने निघून, आणि दुसरा? दुसऱ्याची गाडी तर इथेच आहे. चालत गेला? तिने बाळला फोन लावला.

"अगं, तू कुठे आहेस?" बाळ ओरडलाच.

"मी हॉलवर. बाळ, ऐक, दादा आणि शिरीष—"

"इथे आहेत दोघं."

"इथे म्हणजे?"

"आपल्या घरी. शिरीषच्या गाडीतून आले. स्वयंपाकघरात बसलेत, बाबांच्या गोष्टी चालल्यात. सुनीतीला फोन करून पोरीला घेऊन ये म्हणून सांगतायत. तुझं श्रीखंड उघडलंय त्यांनी, मी नाही म्हटलं तरी. आणि आत्ता मला विचारतायत, वासंती अजून कशी आली नाही?"

वासंतीला आधी कळेचना. "अरे पण मी दादाबरोबर आले होते! एकाच गाडीत बसून गेले ना दोघं? मग मी त्या गाडीत नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"नाही," बाळ म्हणाला. "मी विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं."

मेल्यांनो! पावसात, पार्किंगमध्ये, स्वतःच्या सख्ख्या बहिणीला विसरून गेले! तिला टोचलं, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं मधे बसून कंबरडं मोडून घेतलं, आणि आज गाडीत आपण नाही हे त्यांना जाणवलंसुद्धा नाही. आणि मग ते टोचणं तसंच असताना तिला हसू फुटलं. ती एकटी, भिजलेल्या पदराने, मोठमोठ्याने हसत सुटली. हेच तर तिला हवं होतं. डिसेंबरात ती जाईल तेव्हाही ते असेच बोलत बसलेले असतील, आणि तिला विसरतील.

फोनवर मागून दादाचा आवाज आला, "वासी का? तिला म्हणावं, आटप लवकर, ओवाळायचंय ना? आम्ही दोघं केव्हाचे बसलोय!"

"मी येतो तुला घ्यायला," बाळ म्हणाला. "आत्ता निघतो."

"घाई करू नकोस," वासंती म्हणाली. "आधी त्यांना चहा करून दे. मग सावकाश ये."